आप्पांची डावी बाजू

आप्पांना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी आमच्या घराची डावी बाजू गेली.

अँब्युलन्सच्या माणसांनी त्यांना बाहेरच्या सोप्यातल्या खाटेवर निजवलं, उशी मागच्या भिंतीला आणि पाय रस्त्याकडच्या दाराकडे. ती माणसं गेल्यावर आई चहा ठेवायला वळली आणि थांबली. स्वयंपाकघर नव्हतं. त्याचं दार नव्हतं आणि ते दार ज्या भिंतीत होतं ती भिंतही नव्हती. तिथे अंधार किंवा खड्डा होता असंही नाही. आपल्या डोक्यामागे आपल्याला जे दिसतं, तेच तिथे दिसत होतं. नजर तिकडे नेली की घसरून परत उजवीकडे यायची. उजवीकडे माझी खोली, मोरी आणि गल्लीकडची खिडकी होती. रस्त्याकडच्या दाराला दोन फळ्या होत्या, त्यातली एक उरली होती.

"गॅस बंद केला होता का मी?" आई म्हणाली.

"केला असशील."

"दूध वर ठेवलेलं होतं."

आप्पा खिडकीकडे तोंड करून पडले होते. चेहरा शांत होता.

"घरी आल्यावर बरं वाटलं," ते म्हणाले.

मी तेव्हा मिरजेत न्यूरोलॉजी शिकत होते. त्यामुळे आप्पांना काय झालंय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या वर आणि थोडं मागे, रक्ताची गुठळी अडकली होती. तिथे इजा झालेला माणूस डावी बाजू विसरतो. ताटातली उजवीकडची भाजी खातो आणि डावीकडचा भात तसाच ठेवून अजून भूक आहे म्हणतो. उजव्या गालाची दाढी करतो आणि आरसा ठेवून देतो. त्याचे डोळे चांगले असतात, पण डावीकडे बघायचं असतं हेच त्याच्या मनात येत नाही. अशी माणसं मी वॉर्डात पाहिली होती. पुस्तकात डावी बाजू जागेवर असते आणि फक्त रुग्णापुरती नसते. आमच्याकडे ती कुणालाच नव्हती.

आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. पहिल्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा मेंदू हातात धरला. तो पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बादलीतून काढलेला होता आणि फॉर्मालिनच्या वासाने डोळ्यांना पाणी येत होतं. घरी येऊन मी आप्पांना सांगितलं की मेंदूचा उजवा भाग डावं अंग सांभाळतो आणि डावा भाग उजवं. आप्पा जेवता जेवता थांबले होते. "म्हणजे स्टेअरिंग उलटं बसवलंय," ते म्हणाले होते, आणि आई इतकी हसली होती की तिला ठसका लागला.

खाट फिरवायचं आईलाच सुचलं.

"ह्यांची उशी दाराकडं करूया," ती म्हणाली. "मग स्वयंपाकघर उजवीकडं येईल की."

आम्ही दोघींनी खाट उचलून फिरवली. स्वयंपाकघर आलं. दुधाचं पातेलं शेगडीवर होतं, दूध कोमट होतं, साय अजून धरली नव्हती. तिकडे वेळ गेलेलाच नव्हता. आईने गॅस बंद केला. मी मागे वळून बघितलं तर माझी खोली, मोरी आणि खिडकी नव्हती. माझी पुस्तकं त्या खोलीत होती.

मग आम्ही तसंच करायला लागलो. सकाळी स्वयंपाक होईपर्यंत उशी दाराकडे. स्वयंपाक झाला की ताटं बाहेर आणायची, खाट फिरवायची आणि अंघोळी उरकायच्या. मला अभ्यासाला बसायचं असेल तेव्हा आई आधी दिवसभराचं पाणी भरून घ्यायची. कपडे वाळत घालायला परसदारी जायचं तर पुन्हा खाट. उचलताना आप्पा उजव्या हाताने खाटेचा गज धरायचे आणि गाडी वळणावर असल्यासारखे थोडे कलायचे.

ही व्यवस्था चालली असती. पण उजवीकडच्या गोष्टींनाही डावी बाजू असते. स्वयंपाकघर परत यायचं ते दर वेळी जरा अरुंद होऊन यायचं. आधी डबे ठेवायची मांडणी आली नाही. मग बेसिन आलं नाही. माझ्या खोलीतलं कपाट गेलं, पलंग अर्धा झाला. वाचायला घेतलेल्या पुस्तकात डावीकडची पानं नसायची. मी उजवीकडची पानं वाचायचे आणि मधलं अंदाजाने जुळवायचे. परीक्षा जवळ आली होती.

आमच्या विभागाच्या प्रमुख मुजावर मॅडम होत्या. केस पांढरे, चालणं भरभर, बोलणं हळू. वॉर्डातला राऊंड संपल्यावर मी त्यांना गाठलं.

"मॅडम, आमचं घर जातंय."

"कुठल्या बाजूने?"

"आप्पांच्या डाव्या."

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "उजवीकडून गेलं असतं तर मला काळजी वाटली असती."

रविवारी त्या घरी आल्या. आईने त्यांना आप्पांच्या उजव्या हाताला खुर्ची दिली. मॅडमनी कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि आप्पांच्या हातात पेन दिलं.

"काका, ह्या रेघेच्या बरोबर मध्यावर खूण करा."

आप्पांनी उजव्या टोकाजवळ खूण केली.

"हा मध्य?"

"मध्यच की," आप्पा म्हणाले. मॅडमनी कागद परत घेतला तेव्हा तो लहान झालेला होता आणि खूण खरोखरच मध्यावर होती.

"आता घड्याळ काढा. सगळे आकडे घाला."

आप्पांनी गोल काढला. वर बारा घातला, मग एक, दोन, तीन करत खाली सहापर्यंत आले आणि पेन ठेवून दिलं. काम नीट झाल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात सहाच्या पुढे बारा वाजायला लागले. भिंतीवरचा काटा सहावर यायचा आणि उचलून ठेवल्यासारखा बारावर जायचा. सकाळी सहाला आई उठायची आणि लगेच टळटळीत दुपार व्हायची. सात वाजता ती मंदिरात दर्शनाला जायची, तिचं ते जाणं बंद झालं. संध्याकाळ राहिली नाही. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं. ऊन असताना ताट घ्यायचो आणि पहिला घास तोंडात असताना मध्यरात्र व्हायची. आई हातातला घास ताटात ठेवायची आणि उठायची. तिची हाडं दिसायला लागली.

त्या रविवारी जाताना मॅडमनी आम्हाला दारात थांबवलं.

"त्यांना डावीकडे बघायला लावायला हवं," त्या म्हणाल्या. "सांगून उपयोग नाही. त्यांना पटणारच नाही की तिकडे काही आहे. जिच्यासाठी ते आपण होऊन मान वळवतील अशी गोष्ट डावीकडे ठेवा. काय आवडतं त्यांना?"

आईने आणि मी एकमेकींकडे बघितलं.

आम्ही ट्रान्झिस्टर ठेवला. आप्पा सांगली केंद्रावरच्या बातम्या कधी चुकवत नसत. आवाज चालू करून मी तो खाटेच्या डाव्या कडेला सरकवला आणि हात काढून घेतला. आवाज बंद झाला. आप्पा खिडकीकडे बघत राहिले. मग गरम जिलेबीची बशी ठेवली, वास घरभर होता तो गेला. मग बिनअपघात नोकरीबद्दल मिळालेली त्यांची पितळी ढाल ठेवली. निवृत्तीनंतर ते ती रोज सकाळी पुसायचे. ती ठेवताना खाटेच्या लोखंडावर वाजली, तेवढीच. त्यांची मान हलली नाही. खाट फिरवून बघितली तर ढाल परत आली नव्हती. त्यांनी एकदाही ती कुठे आहे असं विचारलं नाही.

"उद्या मी बसते," आई म्हणाली.

"नको."

"का नको?"

"बघितलंस ना, ढालसुद्धा गेली."

"ढाल हाक मारते का?"

दुसऱ्या दिवशी तिने मोरपंखी इरकल साडी नेसली. केस विंचरून घट्ट अंबाडा घातला. मोरीतल्या आरशात कुंकू लावताना ती मला म्हणाली, "तुला माहितीय का, मी बालवाडीत शिकवायला जायची तेव्हा मालगाव फाट्यावर उभी राहायची. तिथं थांबा नव्हता. कुठलीच गाडी थांबत नव्हती. हे थांबायचे. कंडक्टर ओरडायचा, हे ऐकायचे नाहीत. लग्नाची बोलणी नंतर झाली, त्याच्या आधी दोन वर्षं हे माझ्यासाठी गाडी थांबवत होते."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"सांगण्यासारखं काय त्यात? पण गाडीतनं रस्त्याच्या कडंचं माणूस कुठं दिसतं? डावीकडंच की. ह्यांनी मला पहिल्यांदा डावीकडंच बघितलं. आता बघणार नाहीत होय?"

"आई, गेलीस तर?"

"कुठं जातीय मी? हाताच्या अंतरावर तर बसणार."

तिने प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि खाटेच्या पायथ्याकडून वळसा घेतला. आप्पांच्या पायांच्या मधोमध ती आली तेव्हा आधी तिचा खांदा गेला, मग अंबाडा, मग मागे राहिलेली टाच. खुर्ची फरशीवर टेकल्याचा आवाज आला.

"अहो," आई म्हणाली.

आप्पांनी लगेच मान वळवली. उजवीकडे. माझ्याकडे.

"काय गं माला?"

"इकडं बघा."

"बघतोय की," आप्पा माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले.

हे मी वाचलेलं होतं. अशा रुग्णाला डावीकडून हाक मारली तर ती उजवीकडून आल्यासारखी वाटते. त्यावर मी एकदा वर्गात बोलले होते, मॅडमनी मान डोलावली होती.

"आप्पा, आई तिकडे आहे. तुमच्या डाव्या हाताला."

"पमा कुठंय?" त्यांनी मला विचारलं.

"पमा इथंच आहे, तुमच्या उजवीकडं," आई म्हणाली. "मी इकडं बसलीय. जरा मान फिरवा की हो. एकदाच."

"तुला बघतोय म्हटलं ना," आप्पा म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. ते हसणं मी कधी पाहिलेलं नव्हतं. ते माझ्यासाठी नव्हतं.

ऊन खिडकीतून जाईपर्यंत आई हाका मारत होती आणि आप्पा मला उत्तरं देत होते. शेवटी मी खाटेच्या पायथ्याला गेले.

"आई, मी खाट फिरवते."

"फिरवू नकोस. तू फिरवलीस तर मी पण उठून पलीकडं जाणार. हे बघत नाहीत तोवर मी डावीकडंच."

मी एकटीने खाट फिरवली. एक बाजू उचलायची, वीतभर सरकवायची, मग दुसरी. खुर्ची आली, म्हणजे खुर्चीचा उजवा हात आणि दोन पाय. खुर्चीत कुणी नव्हतं. माझ्या पाठीमागून इरकलीची सळसळ गेली आणि आईचा आवाज आला, "सांगितलं होतं की."

मी मध्यरात्र होईपर्यंत खाट फिरवत राहिले. माझी आई हट्टी आहे हे मला तेव्हा नव्याने कळलं नाही.

त्यानंतर आई दिसली नाही, पण ती होती. आप्पांच्या औषधाची वेळ झाली की ती सांगायची. भाजीत मीठ घातलं नसलं तर सांगायची. पुढे तिचा आवाज डावीकडून यायच्याऐवजी मी असेन तिथून यायला लागला. मला वाटायचं ती जवळ आली असावी. एके दिवशी आवाज आला, "अहो, गोळी घेतली का?" आणि माझ्या लक्षात आलं की माझे ओठ अजून उघडे आहेत.

मी आईला हाक मारली. माझ्या आवाजात हाक मारायला गेले तर आधी खाकरावं लागलं. उत्तर आलं नाही.

मॅडम परत आल्या तेव्हा घर खाटेपुरतं आणि तिच्या उजवीकडच्या पट्ट्यापुरतं उरलं होतं. त्या दारातून अंग चोरून आत आल्या. त्यांनी आप्पांच्या अंगावरून वाकून त्यांचा डावा हात शोधला, उचलला आणि उजव्या बाजूला आणून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. हात मनगटापासून लोंबत होता.

"काका, हा हात कुणाचा?"

"मालाचा," आप्पा म्हणाले.

हेसुद्धा नेहमीचं आहे. रुग्ण म्हणतो हा हात माझा नाही, डॉक्टरचा आहे, भावाचा आहे, बायकोचा आहे. मॅडम पुढचं विचारणार होत्या, पण त्यांची नजर हातावर गेली. हातात हिरव्या बांगड्या होत्या. अंगठ्याच्या मुळाशी तव्याचा जुना चटका होता. त्या चटक्यावर मी आठ-नऊ वर्षांची असताना स्वतः हळद लावली होती.

"सोडत नाही बघा," आप्पा तक्रारीच्या सुरात म्हणाले. "घाम आला तरी सोडत नाही. तिला सांगा जरा."

"असू दे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी हात अलगद परत तिकडे ठेवला. बांगड्या वाजल्या आणि वाजायच्या थांबल्या.

त्या दिवसापासून वॉर्डातून घरी आले की मी आप्पांच्या छातीवरून हात पलीकडे टाकायचे. दिसत काही नसायचं. चाचपडत बोटं सापडायची. ती कधी गरम असायची, कधी ओली, नुकतीच भांडी घासून पदराला पुसल्यासारखी. मी दाबली की तीही थोडी दाबायची. मेंदूच्या इजेमुळे लकवा झालेल्या हाताची बोटं अशी आपोआप आवळली जातात, हे मला माहीत होतं. मी रडायचे तेव्हा आप्पा माझ्या पाठीवर त्यांचा चांगला हात फिरवायचे. "माला, रडू नकोस," म्हणायचे. "पमा शिकतीय. शिकली की सगळं ठीक होईल."

माझंही कमी होत होतं. आप्पांकडे तोंड करून बसलं की माझी उजवी बाजू त्यांच्या डावीकडे पडते. आधी उजव्या कानातला डूल गेला, मग कोपर झोंबायला लागलं. उजव्या हाताने मी रुग्णाच्या गुडघ्यावर हातोडी मारते, तो गेला तर शिक्षण संपलं. म्हणून मी त्यांच्याकडे पाठ करून बसायला लागले. मग डावा हात विरायला लागला, पण तो चालण्यासारखा होता. पाठमोऱ्या मुलीशी आप्पा तासन्‌तास बोलायचे. मालगावच्या रस्त्याच्या कडेला बाभळी होत्या की कडुनिंब, असलं काहीतरी विचारायचे. मला माहीत नसायचं. आईच्या आवाजात मी म्हणायचे, "बाभळीच असतील."

वॉर्डात मॅडमनी एकदा मला बाजूला घेतलं.

"तू आज एकाच बाजूच्या खाटा बघितल्यास."

"दुसऱ्या बाजूला खाटा आहेत?"

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. आमच्या वॉर्डात एक बाई होती, तिला वाटायचं नवरा खरा नाही, त्याच्यासारखा दिसणारा कुणीतरी रोज डबा घेऊन येतो. एक म्हातारा होता, त्याला वाटायचं तो मेलेला आहे, आणि तो फार सभ्यपणे कुणी पेटवायला येतंय का म्हणून वाट बघत होता. त्यांच्याकडे बघावं तसं मॅडम माझ्याकडे बघत होत्या, मायेने आणि थोडं लांबून.

"शेवटचा उपाय आहे," त्या म्हणाल्या. "उद्या येते."

त्या दुपारी आल्या. पिशवीत एक चष्मा होता. त्याची भिंगं एका कडेला जाड आणि दुसरीकडे पातळ होती. तो घातला की सगळं जग उजवीकडे सरकलेलं दिसतं. मॅडमना आत यायला जागा नव्हती. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, मी खाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत होते. चष्मा त्यांनी माझ्या हातात दिला आणि मी तो आप्पांच्या डोळ्यांवर चढवला.

"काका, माझ्या पेनाला बोट लावा."

आप्पांचं बोट पेनाच्या बरंच उजवीकडे गेलं. "हुकलं," ते म्हणाले.

"परत."

परत हुकलं, पण कमी. असं कितीतरी वेळा झालं. दर वेळी बोट थोडं डावीकडे येत गेलं आणि शेवटी नेमकं पेनाला लागलं. जग उजवीकडे सरकलंय हे हाताने ओळखलं होतं आणि तो आपला आपण डावीकडे ओढायला शिकला होता.

"आता चष्मा काढ," मॅडम मला म्हणाल्या.

मी काढला. आप्पांचं बोट पेनाकडे निघालं आणि पेनाच्या डावीकडे गेलं. कितीतरी महिन्यांत त्यांचं काहीच तिकडे गेलं नव्हतं.

"आता थांबायचं," मॅडम म्हणाल्या. "मान वळली तर वळेल. त्यांच्याशी बोलू नकोस. तुझ्या आवाजाने ते तुझ्याकडे वळतील." त्यांनी दाराची फळी लोटून घेतली आणि त्या गेल्या.

मी बोलले नाही. पाठ भिंतीला लावून उभी राहिले. आप्पा छताकडे बघत होते. मग त्यांची हनुवटी हलली. ती छातीच्या मध्यावर आली, तिथे जराशी अडली, गिअर पडताना गाडी अडते तशी, आणि पुढे गेली. मला त्यांचा गाल दिसेनासा झाला. मग कान, मग मानेवरचे पांढरे केस, आणि मग सगळी पाठच दिसायला लागली. ते कुशीवर वळले होते. त्यांच्या पलीकडे काय होतं ते मला त्यांच्या पाठीमुळे दिसत नव्हतं.

"अगं," आप्पा म्हणाले.

त्यांनी डोकं उशीवरून थोडं उचललं.

"किती वाळलीस," ते म्हणाले. "आणि उभी का? कधीपासून उभी आहेस?"

त्यांनी ऐकून घेतलं. मला ऐकू आलं नाही. मी तोंडावर हात दाबून धरला, माझ्या तोंडून उत्तर जाऊ नये म्हणून.

"बस की मग. खुर्ची कशाला, इथंच बस. जागा आहे."

पलीकडून गादी दबली. गादीचा अलीकडचा काठ थोडा वर आला आणि आप्पांची पाठ माझ्या पोटाला लागली. त्यांनी चांगला हात खाटेच्या गजावर रोवला आणि जोर लावून स्वतःला माझ्याकडे सरकवलं. माझ्या पाठीमागे भिंत होती. मी दोन्ही तळवे त्यांच्या पाठीला लावले. उजवा तळवा लागला, डाव्याचं सांगता येत नाही. खाली फरशी होती आणि त्यांना पडू द्यायचं नव्हतं.

"टेकलीस का नीट?" आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज फार हळू झाला होता. "नाही ना? पाय वर घे. थांब, मी अजून सरकतो."

मी तळव्यांवर सगळा भार घेतला. गादी पलीकडून आणखी दबली, आणि आप्पा आणखी सरकले.